डायरेक्ट केलंय!

‘डायरेक्ट’ हा शब्द इंग्रजीतून आला असेल, पण त्याचे लाड झाले ते मराठीत. एसटी डायरेक्ट असते, स्थळ डायरेक्ट येतं, हापूस देवगडहून डायरेक्ट आलेला असतो (निदान पेटीवर तरी), आणि ज्या बोलण्याने नाती तुटतात ते सगळं आपण डायरेक्ट तोंडावर बोललेलं असतं. पण या शब्दावर कळस चढवतो तो वायरमन. फ्यूज सारखा जातो अशी तक्रार केली की तो पक्कड काढतो, दोन तारा एकमेकींना पिळतो आणि सांगतो, ‘डायरेक्ट केलंय. आता काही त्रास नाही.’ त्रास नाही याचा अर्थ, त्रास येतोय असं जो ओरडून सांगायचा त्याला घरी पाठवलंय. मधला कोणीतरी काढून टाकला की काम स्वस्त, झटपट आणि प्रामाणिक होतं, ही आपली श्रद्धा भाजीबाजारापासून लग्न जुळवण्यापर्यंत सगळीकडे चालते. ती तपासायची तर अशी जागा हवी, जिथे मधला इसम रबराचा आहे, त्याला भावना नाहीत, आणि त्याची दलाली कागदावर मोजता येते. बेल्ट ग्राइंडर ही अशी जागा आहे.

ज्यांच्या घरी ग्राइंडर म्हणजे चटणीची सोय, त्यांच्यासाठी थोडी ओळख. टोकं जोडून वेढा केलेला एमरीचा खरखरीत पट्टा दोन-तीन चाकांवरून वेगाने फिरतो, आणि त्यावर लोखंड टेकवलं की ठिणग्या उडवत ते झिजतं. सुऱ्या घडवणाऱ्यांचं हे मुख्य यंत्र. अमेरिकेत २ इंच रुंद आणि ७२ इंच लांब पट्ट्याचं माप इतकं रूढ आहे, की तिथे यंत्राला नावाऐवजी मापानेच हाक मारतात. जुन्या पद्धतीत मोटार खाली, ग्राइंडर वर, आणि दोघांच्या मध्ये पुलींवर चढवलेला काळा व्ही-बेल्ट. डायरेक्ट करायचं म्हणजे हा व्ही-बेल्ट काढायचा आणि एमरीचा पट्टा ओढणारं चाक सरळ मोटारीच्या शाफ्टवर बसवायचं. असल्या विषयावर मराठीत लेख लिहिणं कुणाला चमत्कारिक वाटत असेल तर त्याने एवढंच आठवावं, की ‘किर्लोस्कर’ मासिक १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ या नावाने निघालं ते नांगर बनवणाऱ्या कारखान्यातून. मराठी ललित लेखनाच्या एका फांदीला बीड आणि ऑइलचा वास पहिल्यापासून आहे.

व्ही-बेल्टवर आरोप पुष्कळ आहेत. तो सैल पडतो, घसरतो, किंचाळतो, दोन पुली एका रेषेत नसल्या की स्वतःच्याच कडा कुरतडतो, जागा अडवतो, आणि त्याच्यावर जाळी घातली नाही तर बोट मागतो. हे सगळे आरोप खरे आहेत. पण डायरेक्टवाले सगळ्यांत आधी जो आरोप ठेवतात तो वेगळाच: पट्टा वीज खातो. तेव्हा हिशेब करू. नीट ताणलेला व्ही-बेल्ट शेकडा पाचाच्या आसपास शक्ती मधल्या मध्ये गिळतो. दोन हॉर्सपॉवरची मोटार म्हणजे दीड किलोवॅट; त्याचे पाच टक्के ७५ वॅट, जुन्या काळच्या एका पिवळ्या बल्बइतके. यंत्र दिवसातून खरोखर दोन तास लोखंड घासत असेल (उरलेला वेळ चहा, फोन आणि ‘मघाशी इथेच ठेवला होता’ यांत जातो), तर दिवसाची गळती ०.१५ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी दीड रुपया. आता व्ही-बेल्ट काढल्यावर वेग कमी-जास्त करायला व्हीएफडी नावाचा इलेक्ट्रॉनिक डबा घ्यावा लागतो. त्याला आठ-दहा हजार पडतात, आणि तोही दोन-तीन टक्के खातो. म्हणजे निव्वळ बचत रोज पाऊण रुपया. दहा हजारांना पाऊणने भागा: तेरा हजार तीनशे दिवस, एकही रविवार न सोडता साडेछत्तीस वर्षं. वीज वाचवायला म्हणून ज्याने ग्राइंडर डायरेक्ट केला, त्याचा नफा त्याच्या नातवाच्या हाती पडेल, आणि तोवर नातू पुण्याला आयटीत गेलेला असेल. एका अडत्याला दारातून घालवला तर दुसरा खिडकीतून आत आला, आणि त्याने पागडीही घेतली.

शिवाय ही पाच टक्के दलाली घेऊन व्ही-बेल्ट काय काय करत होता, याची यादी कुणी केलेली नसते. पहिलं काम गतीचं. मिनिटाला १४४० फेरे घेणाऱ्या मोटारीवर १५० मिलिमीटरची पुली आणि वरच्या स्पिंडलवर ७५ची बसवली, की वर २८८० फेरे मिळतात. पुलीला तीन पायऱ्या असल्या तर पट्टा हाताने या पायरीवरून त्या पायरीवर ढकलायचा. झाला गिअरबॉक्स, किंमत हाताला लागलेलं काळं. दुसरं काम अंतर राखण्याचं: लोखंडाची भुकटी वर उडते आणि मोटार खाली कोपऱ्यात तोंड चुकवून बसते. तिसरं काम सगळ्यांत मोठं, आणि त्यालाच आपण दोष म्हणतो. ते काम घसरण्याचं. लोखंड अडकलं की व्ही-बेल्ट किंचाळून घसरतो, आणि तेवढ्यात मोटार, शाफ्ट आणि माणसाचं मनगट वाचतं. पिठाच्या गिरणीवाल्याला हे शास्त्र न शिकवता कळलेलं असतं. पट्टा फारच घसरायला लागला तर तो राळ लावतो, पण घसरणं अजिबात बंद व्हावं असा त्याचा आग्रह नसतो. दाण्यांतून खिळा गेला तर पट्टा पडायला हवा, गिरणी नव्हे. आपल्या घरातला मिक्सर तर बोलूनचालून डायरेक्ट. पण त्याच्याही मोटारीच्या आणि भांड्याच्या मध्ये रबराचा किंवा प्लास्टिकचा दातेरी कपलर असतो. हळकुंड अडकलं की तो आपले दात पाडून घेतो आणि मोटार जगते. म्हणजे स्वयंपाकघरातल्या डायरेक्ट यंत्रातही एक मधला ठेवलेला आहे, फक्त बळी द्यायला.

इथे कुणी म्हणेल, मग डायरेक्ट ग्राइंडरमध्ये लोखंड अडकलं तर मोटार जळत असेल. जळत नाही, आणि याचं कारण मोठं गमतीचं आहे. व्ही-बेल्ट गेला तरी एमरीचा पट्टा आहेच की. तो शाफ्टवरच्या चाकाला नुसत्या ताणाने धरलेला असतो आणि अडलं की त्या चाकावरच घसरतो. बेल्ट ग्राइंडर डायरेक्ट करणं म्हणजे दोन पट्ट्यांपैकी एक काढणं. दुसरा काढला तर यंत्रच उरत नाही. आणि हा उरलेला पट्टा स्वभावाने पहिल्यापेक्षा कमी मानी नाही. तो चाकावरून बाजूला सरकू नये म्हणून वरच्या चाकाला मधोमध थोडं पोट ठेवतात. सामान्य बुद्धीला वाटतं, पोटावरून पट्टा उतारावर घसरून पडेल. प्रत्यक्षात तो नेहमी सगळ्यांत उंच जागेकडे चढतो आणि तिथेच ठाण मांडतो. कार्यकर्त्यांच्या बाबतीत हे सर्वांना ठाऊक आहे. पट्ट्याच्या बाबतीत मात्र मुद्दाम सांगावं लागतं.

आता व्ही-बेल्टची पहिली दोन कामं वाटून द्यायची राहिली. गतीचं काम चाकाच्या व्यासावर येतं, आणि पहिली फसगत तिथेच होते. अमेरिकन नकाशात ४ इंची चाक आणि मिनिटाला ३४५० फेऱ्यांची मोटार असते; हिशेब केला तर पट्टा सेकंदाला सुमारे १८ मीटर पळतो. तो नकाशा जसाच्या तसा इथे बनवला की पट्टा १५ मीटरवरच दमतो. लेथवाल्याला दोष देऊ नये. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०ची. तिकडे ३४५० फेरे घेणाऱ्या मोटारीची इकडची बहीण २८५० घेते. सहावा हिस्सा समुद्रातच राहिला. तो परत मिळवायला चाक पावणेपाच-पाच इंचांचं करावं लागतं. १४४० फेऱ्यांची घरातली जुनी मोटार वापरली आणि चाक चारच इंचांचं ठेवलं तर पट्टा सेकंदाला साडेसात मीटरने फिरतो, आणि लोखंड झिजण्याऐवजी त्याला मालिश झाल्यासारखं वाटतं. व्ही-बेल्टच्या राज्यात ही चूक पुली बदलून दोनशे-चारशे रुपयांत सुधारली असती. डायरेक्टमध्ये चूक थेट शाफ्टवर चावी ठोकून बसलेली असते.

मग उत्तर एकच: व्हीएफडी. हा डबा विजेचे हर्ट्झच बदलतो आणि गोल बटण फिरवलं की मोटार सांगू त्या वेगाने फिरते. ही सोय खरोखर देखणी आहे, पण तिला डायरेक्ट म्हणणं म्हणजे नवऱ्यामुलाच्या मामाला हटवून तिथे वकील नेमणं. विजेच्या जगात या शब्दाची चेष्टा आधीच झालेली आहे: मोटार थेट लाइनवर सुरू करायच्या डब्याला ‘डायरेक्ट ऑन लाइन स्टार्टर’ म्हणतात. डायरेक्ट व्हायलाही एक डबा लागतो, आणि त्याच्या पोटात मोटार तापली की लाइन तोडणारा रिले बसलेला असतो. व्हीएफडी हा त्याचाच शिकलेला धाकटा भाऊ. सिंगल फेजवर चालणारा असेल तर तो तिन्ही फेज २३० व्होल्टचेच देतो, आणि आपल्या छोट्या ४१५ व्होल्टच्या मोटारीच्या गुंडाळ्या बहुधा आतून ‘स्टार’ जोडणीत बांधलेल्या असतात. ती जोडणी ‘डेल्टा’त बदलून घ्यावी लागते, कारण ४१५ला १.७३ने भागलं की २४० येतात. टर्मिनल बॉक्स उघडल्यावर सहाऐवजी तीनच तारा दिसल्या तर मुक्काम वायंडरकडे. आणि अंतर राखण्याचं काम? व्ही-बेल्ट होता तोवर मोटार कोपऱ्यात होती. आता तीही ठिणग्यांच्या शेजारी आली आणि हा डबाही. लोखंडाच्या भुकटीतून वीज वाहते, म्हणून डबा बंद पेटीत ठेवायचा. बंद पेटीत तो तापतो, म्हणून पेटीला पंखा लावायचा. पंखा बाहेरची हवा आत घेतो, आणि हवेत भुकटी असते. म्हणून पंख्याला फिल्टर. व्ही-बेल्टला जाळीच्या कव्हरापलीकडे काही लागत नव्हतं, हे तोपर्यंत कोणालाही आठवत नाही.

जाणकारांचा खरा आक्षेप याहून वजनदार आहे. ते म्हणतात, पुलीने वेग निम्मा केला तर मोटारीची शक्ती तेवढीच राहते आणि पीळ दुप्पट होतो. व्हीएफडीने वेग निम्मा केला तर पीळ जेमतेम तेवढाच राहतो, म्हणून शक्ती निम्मी होते. दोन हॉर्सपॉवर विकत घेतले आणि २५ हर्ट्झवर एकच हाती आला. वर मोटारीचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, म्हणून हळू फिरताना थंडावाही कमी. हे शंभर टक्के बरोबर आहे. पण वेग कमी कधी करतात ते पाहा. जाड लोखंड ओरबाडताना कोणी हळू फिरवत नाही. हळू फिरवतात ते शेवटी, बारीक दाण्याचा पट्टा चढवून धारेवर हात फिरवताना. कारण त्या वेळी पातं तापलं तर पोलादाला दिलेलं पाणी उतरतं, आणि निळा डाग पडलेली सुरी लोणी कापायच्या लायकीची उरते. त्या कामाला ताकद नको असते, सबुरी हवी असते. निम्मी शक्ती तिथे पुरून उरते. ज्याचं रोजचं कामच मुळात जाड आणि संथ आहे, त्याने मात्र या लेखाच्या नादी न लागता आपली तीन पायऱ्यांची पुली सांभाळावी.

दुसरा आक्षेप थरथरीचा. मध्ये रबर होतं तोवर मोटारीचा कंप तिथेच विरायचा, आता तो थेट पात्यावर उमटेल. हा वाद यंत्रशाळेच्या आधी दिवाणखान्यात लढला गेला आहे. जपानच्या टेक्निक्सने १९७० साली एसपी-१० ही डायरेक्ट ड्राइव्ह रेकॉर्ड प्लेअरची तबकडी आणली, १९७२ साली एसएल-१२०० आली, आणि ती पुढे डिस्कोवाल्यांनी उचलली. कारण हाताने थांबवलेली तबकडी क्षणात पूर्ण वेग पकडते, पट्ट्यावरची तशी पकडत नाही. पण दर्दी मंडळींतला एक मोठा गट आजही पट्ट्याचीच तबकडी मानतो, मोटारीची घरघर सुईपर्यंत पोचू नये म्हणून. दोघंही आपापल्या गरजेपुरते बरोबर आहेत. ग्राइंडरच्या बाबतीत गणित अधिक ठोस आहे. १५० मिलिमीटरच्या चाकाच्या कडेला एक ग्रॅम वजन जास्त राहिलं, तर २८५० फेऱ्यांवर ते दर फेऱ्याला शाफ्टला साडेसहाशे ग्रॅमहून जास्त वजनाइतका हिसका देतं. म्हणजे थरथरीचा दोष डायरेक्टचा नाही, चाकाचा आहे. बोअर शाफ्टवर घट्ट बसणारा आणि चाक तोललेलं असेल तर रबराची गरज नाही. नसेल तर व्ही-बेल्टनेही ते फक्त झाकलं असतं. चोर सोडून संन्याशाला सुळी देणं म्हणतात ते हेच, फक्त इथे दोघंही गोल आहेत.

मग एवढं सगळं करून डायरेक्ट का करायचं? याचं उत्तर विजेच्या बिलात नाही, इतिहासात आहे. १९१५ साली खोपोलीची जलविद्युत मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. त्याआधी गिरणी म्हणजे एक प्रचंड वाफेचं इंजिन, त्याच्यापासून मजल्यामजल्यावर गेलेले शाफ्ट आणि शाफ्टवरून यंत्रायंत्रावर उतरलेले पट्टे. पाश्चात्त्य कारखानदारांनीही वीज आल्यावर पहिल्यांदा तेच केलं जे आपण नव्या घरात जुनं कपाट हलवताना करतो: इंजिन काढलं, त्याच जागी एक मोठी मोटार ठेवली, आणि वरचे शाफ्ट आणि पट्टे तसेच राहू दिले. विजेचा मोठा फायदा त्यांना कित्येक वर्षं दिसलाच नाही. अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९९० साली या उशिराचाच अभ्यास मांडला, संगणकाचा फायदा दिसत का नाही या प्रश्नाच्या निमित्ताने. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटार मिळाली तेव्हा कुठे गाडं हललं. तेव्हाही नफा पट्ट्याच्या पाच टक्क्यांत नव्हता. यंत्रं शाफ्टच्या खाली रांगेत उभी राहायची सक्ती गेली. ती कामाच्या क्रमाने मांडता आली, छतावरचा भार उतरला, उजेड आत आला, आणि एक यंत्र बिघडलं म्हणून साऱ्या मजल्याने थांबायचं कारण उरलं नाही. पट्टा वीज खात होता त्यापेक्षा किती तरी जास्त जागा आणि मोकळीक खात होता.

आपल्या ग्राइंडरलाही हाच न्याय लागू आहे. डायरेक्ट केल्याने तो स्वस्त होत नाही, साधा तर मुळीच होत नाही. तो आटोपशीर होतो. मोटार आणि ग्राइंडर एका तुकड्यात येतात, टेबलावर मावतात, पूर्ण यंत्र आडवं झोपवता येतं, आणि तेच पातं न हलवता बटणावर वेग उतरवता येतो. एवढ्यासाठी पैसे मोजायची तयारी असेल तर खुशाल मोजावे. फक्त मधल्याला काढण्याआधी त्याची कामं कागदावर लिहावी आणि प्रत्येक कामापुढे नव्या माणसाचं नाव घालावं: घसरणं एमरीच्या पट्ट्याकडे, वेग चाकाच्या व्यासाकडे आणि व्हीएफडीकडे, भुकटीपासून बचाव बंद बांधणीच्या मोटारीकडे, थरथर लेथवाल्याच्या हाताकडे. एकाही कामापुढची जागा रिकामी राहिली तर ते डायरेक्ट ड्राइव्ह नव्हे, वायरमनचं डायरेक्ट आहे.

आणि काढलेला व्ही-बेल्ट फेकू नका. त्याच्या पाठीवर ए-४२ असं काहीतरी छापलेलं असतं: ए ही त्याच्या जाडीची जात, ४२ हे आतल्या घेराचे इंच. जुन्या पुलींसकट तो खिळ्याला टांगून ठेवा. भर पावसाळ्यात व्हीएफडी पडद्यावर एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे दाखवून गप्प बसला, तर त्याचा अर्थ सांगणारा माणूस यायला दोन दिवस लागतात. ए-४२ कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, आणि दुकानदार शपथेवर सांगतो, की माल कंपनीकडून डायरेक्ट आहे.